क्विन्झीची एक ओळ

आमच्या घरात शब्द अडला की मला विचारायचं, हा कायदाच आहे. पंचवीस वर्षं इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत खर्डेघाशी केली मी, एवढा मान तर मिळायलाच हवा! म्हणून त्या सकाळी नवरा घसा दुखणाऱ्या लेकीला गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवून आला आणि चिठ्ठी थेट माझ्या हातात दिली.

"क्विन्झी वाटतंय म्हणाले. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. आजच न्यायचं का गं?"

मला हसूच आलं. असले शब्द आता आमच्या कोशात आणि त्या डॉक्टरांच्या तोंडीच उरलेत. तरी मी कोश काढला आणि वाचून दाखवलं. "क्विन्झी. जुना शब्द. घसा सुजणे. बस्स! त्यांना मेलं साधं बोलताच येत नाही. उद्या नेऊ, आज झोपू दे तिला."

छापलेलं बघून नवरा कामावर गेला.

लेक सतरा वर्षांची. बडबड एवढी की बाप तिला भोंगा म्हणतो. दुपारी तिच्यासाठी कोमट पाणी घेऊन गेले, तर ती पलंगावर मान पुढे काढून बसलेली. लाळ हनुवटीवरून टॉवेलवर गळत होती. "गिळ ना गं," म्हटलं, तर तिनं नुसती मान हलवली. तोंड बोटभरही उघडेना. काहीतरी बोलली, ते तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखं.

आणि मी काय केलं? पुन्हा कोशाकडे धावले, मूर्खासारखी! तीच ओळ. ती बघता बघता मला आठवलं, ती माझीच होती. कोशाची छोटी आवृत्ती काढताना नियम होता, जुन्या शब्दाला एकच ओळ. मूळ कार्डावर तीन होत्या. घसा सुजणे. टॉन्सिलशेजारी पू होऊन तोंड न उघडणे. वेळीच न फोडल्यास श्वास कोंडून मृत्यू. खालच्या दोन मी लाल पेन्सिलीनं उडवल्या होत्या. "कोण वाचतंय हे आता!" असं शेजारच्या टेबलाला हसत सांगितलंही होतं.

नवऱ्याला फोन केला, टॅक्सी केली. वाटेत तिच्या श्वासाची शिटी वाजायला लागली. प्रत्येक सिग्नलला मी ड्रायव्हरला शिव्या घालत होते आणि तिचे डोळे माझ्याकडे लागले होते. आई, मला वाचव, एवढंच त्यात होतं. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

दवाखान्यात तिला तशीच आत नेली. नवरा धापा टाकत आला. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"फोडलंय. पू निघाला. आता श्वास नीट आहे. आणखी तास-दोन तास घालवले असतेत, तर काही सांगता आलं नसतं."

नवरा माझा हात धरून रडायलाच लागला. मग त्याला सकाळची आठवण झाली.

"कुठल्या गाढवानं लिहिलंय गं तुमच्या कोशात ते? घसा सुजणे म्हणे! नाव सांग मला त्याचं. पोरगी गेली असती आपली!"

"मी लिहिलंय," मी म्हणाले.

हात त्यानं सोडला नाही, पण त्या हातातला जोर गेला.