आग्नेयेचे पॉकेट

१९७९ सालच्या जानेवारीत, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका क्लबात, पूल या खेळाच्या टेबलावर मधोमध ठेवलेला चेंडू कोणी हात न लावता आग्नेयेच्या पॉकेटाकडे, म्हणजे त्या कोपऱ्यातल्या भोकाकडे, चालू लागे. पाणसळ लावून टेबल समतल केले की तो जागच्या जागी राही. चार-पाच दिवसांनी पुन्हा चालू लागे, आणि दर वेळी त्याच पॉकेटाकडे.

मित्रांनो, ते टेबल मी आहे. आता जुने झाले आहे. पण त्या जानेवारीत मला जेवढी भीती वाटली तेवढी पुढे कधी वाटली नाही.

भीतीचे कारण समजण्यासाठी माझी घडण सांगायला हवी. मी कलकत्त्याच्या एका कारखान्यात तयार झाले. माझी चौकट आणि सहा पाय सागवानाचे आहेत. चौकटीवर पाटीच्या दगडाच्या तीन लाद्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत, त्यांचे सांधे मेणाने भरले आहेत आणि वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून बारीक खिळ्यांनी ठोकली आहे. खेळणाऱ्याला बनात दिसते. चेंडू चालतो तो मात्र दगडाच्या भरवशावर. दगड तडकला तर टेबल संपले. दुर्दैवाने स्वतःचा दगड मला दिसत नाही. आपल्या आत काय बिघडले आहे हे न कळणे, आणि काहीतरी बिघडले असावे असे मात्र सर्वांनी म्हणणे, ही अवस्था फार वाईट असते.

नागपुरात मी १९६२ साली आले. सुरुवातीची काही वर्षे माझी संध्याकाळ कधी रिकामी गेली नाही. क्लबात चेंडू मांडणाऱ्या आणि गुण पुकारणाऱ्या माणसाला मार्कर म्हणतात. आमचे मार्कर नत्थूजी. ते रोज माझी बनात एकाच दिशेने घासत आणि कोणी माझ्या कडेवर चहाचा कप ठेवला तर तो न बोलता उचलून खिडकीत ठेवत. माझ्यावर सर्वांत अधिक खेळले ते नानाजी नावाचे वृद्ध सभासद. त्यांचा शेवटचा चेंडू नेहमी आग्नेयेच्या पॉकेटात जाई. दुसरीकडे सोपी संधी असली तरी ते तिकडेच मारत, आणि चुकले तर पॉकेटालाच शिव्या देत.

पुढे क्लबात टेबल-टेनिस आले. माझ्यावर चादर पडली. थंडीत चादरीवर संत्र्यांच्या पेट्या, लग्नसराईत ताटांच्या चळती. क्लबच्या सभेत एकदा ठरत आले होते की हे धूड मोडावे आणि तीन लाद्यांचे खानावळीत तीन ओटे करावेत. आचारी येऊन लाद्यांची मापेही घेऊन गेला. कांदे ज्यावर चिरायचे तो दगड म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर माझ्या लक्षात राहिली.

मला वाचवले ते आगगाडीच्या वेळापत्रकाने. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक पूल अजिंक्यपद स्पर्धेचे खेळाडू मुंबईचे सामने आटोपून कलकत्त्याला जाणार होते. नागपूर वाटेत लागते. क्लबचे सचिव मनोहरराव वकील होते. त्यांनी आयोजकांना पत्रांवर पत्रे पाठवून उपांत्य फेरीचा एक सामना नागपुरात मिळवला. आयोजकांनी नवी बनात धाडली, एकच, आणि बजावले की सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांचा पंच येऊन टेबल तपासेल. ते नापास झाले तर सामना होणार नाही. मनोहररावांनी याला सभेत स्वतःची पुरवणी जोडली, "नापास झालं तर आपण तरी कशाला ठेवायचं? मग ओटेच करू."

माझी बनात बदलली. खोली चुन्याने रंगवली. पश्चिमेच्या दाराबाहेर पाहुण्यांच्या चहापानासाठी हिरवळ केली. आणि डिसेंबर संपता संपता चेंडू चालू लागला.

पहिल्यांदा नत्थूजींनी तो पाहिला तेव्हा त्यांनी पंखा बंद केला. चेंडू चालतच राहिला. त्यांनी खिडकी लावली. तरीही चालला. मग त्यांनी माझ्या आग्नेयेच्या पायाखाली लाकडी पाचर ठोकली, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला आणि घाम पुसला. आठवडा उलटायच्या आत पुन्हा तेच. या वेळी चार सभासद खोलीत होते.

"नत्थूजी, नानाजी अजून खेळून राहिले का गा?" एकाने विचारले.

"मरून साल झालं नाही, अन् त्याच भोकात मारून राहिले," दुसरा म्हणाला. सगळे हसले, पण त्यांतला एकही त्या संध्याकाळी क्यूची काठी हातात घेऊन माझ्याजवळ आला नाही.

नत्थूजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आग्नेयेच्या पॉकेटाजवळ उदबत्ती लावली. राख नव्या बनातीवर पडेल म्हणून त्यांनी तिच्याखाली बशी ठेवली होती, एवढे त्यांच्या बाजूने नमूद करते.

भुतावर माझा विश्वास नव्हता आणि नाही. चेंडूला ढकलायला बल लागते, आणि नानाजींकडे आता ते नव्हते. परंतु भूत नाही म्हटल्यावर माझ्यासाठी एकच स्पष्टीकरण उरत होते, आणि ते भुतापेक्षा भयंकर होते. माझा दगड आतून तडकला असावा आणि आग्नेयेचा तुकडा रोज थोडा थोडा खचत असावा. पाचर ठोकली की चौकट सरळ होते. दगड मात्र पुन्हा खचतो. मला हे पूर्ण पटले. मुंगी बनातीवरून चालली तरी मला वाटे, ही तडच पुढे सरकते आहे.

मनोहररावांनाही हेच पटले. पंच येण्याच्या आधीच्या रविवारी ते पकड घेऊन आले.

"बनात काढ. आतला दगड पाहू."

"साहेब, काढताना फाटली तं?" नत्थूजींनी विचारले. "दुसरी नाही आपल्यापाशी. बनात गेली का सामना गेला."

"अन् न काढता पंचासमोर चेंडू चालला, तर? काय सांगू त्याला? आमच्याकडे नानाजी आहेत म्हणून?"

नत्थूजींनी पकड हातात घेतली. तिचे थंड टोक माझ्या कडेला, पहिल्या खिळ्याजवळ टेकले. मित्रांनो, किंचाळता आले असते तर मी किंचाळले असते.

एवढ्यात पश्चिमेचे दार बाहेरून कोणी ढकलले. ते उघडेना. दोन धक्के बसले, दार फरशीवर करकरत घासले, आणि गोपिकाबाई आत आल्या. त्या मनोहररावांच्या पत्नी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. चहापानासाठी किती खुर्च्या मावतील हे पाहायला त्या आल्या होत्या.

"हे दार असं काय झालंय?"

"सुताराकडून दोनदा रंधून घेतलं, मॅडम," नत्थूजी म्हणाले. "तरी घासूनच राहिलं."

"केव्हापासून?"

नत्थूजींनी आठवून पाहिले. "हा चेंडू चालाले लागला ना, तवापासून."

गोपिकाबाईंनी दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "अहो, ती पकड खाली ठेवायला सांगा. पाणसळ कुठे आहे?"

"टेबलाला लावून झाली गं. दहादा."

"टेबलाला लावली असेल. जमिनीला लावली का?"

गोपिकाबाईंनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि पाणसळ माझ्या आग्नेयेच्या पायाशी शहाबादी फरशीवर ठेवली. बुडबुडा मध्यावर थांबला. मग त्यांनी ती वायव्येच्या पायाशी, पश्चिमेच्या भिंतीतल्या दाराजवळ ठेवली. बुडबुडा भिंतीकडे पळाला. बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो.

"चेंडू जिकडे जातो तिकडे तुम्ही सगळे बघत बसलात," त्या म्हणाल्या. "तो कोपरा खचलेला नाही. हा समोरचा वर आलाय. फरशी वर आली म्हणून दार घासतं."

"फरशी आपोआप वर कशी येईल?" मनोहरराव म्हणाले. वकिली सवयीने त्यांनी प्रश्नच विचारला होता. पण तो विचारताना ते उघड्या दारातून बाहेर पाहत होते.

बाहेर मारोतराव माळी भिंतीलगत रबरी नळी धरून उभे होते. हिरवळ नागपुरात जानेवारीत असू नये इतकी हिरवी होती. तिच्या पलीकडे, जिथे पाणी पोचत नव्हते तिथे, काळी जमीन वाळून भेगाळली होती.

"मारोतराव, पाणी केव्हापासून देऊन राहिले?" मनोहररावांनी विचारले.

"दिवाळी झाल्यापासून, साहेब. दोन्ही टाइम. तुमीच तं सांगतलं, फॉरेनचे पाव्हणे येऊन राहिले, गवत पिवळं दिसलं नाही पायजे."

मनोहररावांनी वाकून उंबऱ्याबाहेरची ओली माती चिमटीत घेतली. "पारशिवनीच्या वावरात माझी मोटरखोली तडकली," ते म्हणाले. "हौदाचं पाणी खोलीच्या पायव्यात मुरत होतं. काळी माती. मीच गवंड्याला शिव्या घातल्या होत्या."

"वावरात कळलं, क्लबात नाही कळलं," गोपिकाबाई म्हणाल्या.

"क्लबात मी बूट घालून असतो गं," मनोहरराव म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कोणी खरे हसले.

गोपिकाबाई मात्र एवढ्यावर समाधान मानणाऱ्या नव्हत्या. जुळते म्हणून खरे, असे त्या मानत नसत. त्यांनी भिंतीकडचे पाणी बंद करवले. माझ्या पायांखालच्या पाचरी काढून नव्याने समतल करवले, मध्यावर चेंडू ठेवला आणि त्याच्याभोवती खडूने बारीक वर्तुळ काढले. "माझं म्हणणं चूक असेल तर हा वर्तुळाबाहेर जाईल. मग खुशाल बनात काढा." खोलीला कुलूप लावून किल्ली त्या घरी घेऊन गेल्या.

मित्रांनो, पंच येईपर्यंतचे ते सहा दिवस मी कसे काढले हे सांगणे कठीण आहे. पकड माझ्या कडेवरच राहून गेली होती. चेंडू हलला असे मला सतत वाटे. तो खरोखर हलला का, हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते, आणि भ्यालेल्याने केलेले निरीक्षण ग्राह्य धरू नये हे मला माहीत होते. तरी मी निरीक्षण करीतच राहिले.

कुलूप उघडले तेव्हा परदेशी पंच सर्वांत पुढे होता. पश्चिमेच्या दाराला मनोहररावांनी हात लावला. ते पूर्वीपेक्षा हलके, थोडेसेच घासत उघडले. गोपिकाबाई माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "या, बघा." चेंडू वर्तुळात होता. पंचाने आपली पाणसळ लावली, चारही कोपऱ्यांवर चेंडू ठेवून पाहिले, मान डोलावली आणि विचारले की हे खडूचे वर्तुळ कशाचे? नत्थूजींनी ते फडक्याने हळूच पुसले.

सामना झाला. चहापान पिवळ्या पडत चाललेल्या गवतावर झाले. पाहुण्यांपैकी कोणी गवताबद्दल अक्षर काढले नाही. निर्णायक चेंडू आग्नेयेच्या पॉकेटात पडला तेव्हा सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. खेळाडूने तो तिकडे मारला होता.

माझे ओटे झाले नाहीत. तुमच्या घरी, शाळेत एखादी वस्तू बिघडली असे वाटले, तर तिचे पोट फाडण्यापूर्वी ती कशावर उभी आहे ते पाहा, एवढीच विनंती. आणि कारण नोंदवून ठेवते, म्हणजे पुन्हा कोणी उदबत्ती लावणार नाही.

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. दिवाळीनंतर क्लबच्या आवारातली जमीन वाळत गेली. पश्चिमेच्या भिंतीलगतची, वायव्य कोपऱ्यातल्या दाराबाहेरची मात्र हिरवळीसाठी रोज भिजत राहिली. तिथली माती फुगली, फरशी उचलली गेली, आणि फरशीबरोबर माझा वायव्येचा पाय. पाणी चालू होते तोवर तो उचलला जात राहिला, म्हणून पाचर टिकली नाही. चेंडू आग्नेयेकडे जात होता, कारण उतार आग्नेयेकडे होता.