वाळूतला पूर्वरंग

एकनाथबुवा चिपळ्या समुद्राला देणार, ही बातमी मला अर्नाळ्याच्या मंदा कोळणीनं सांगितली. त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पानवेलींना पाणी सोडायला जावं आणि पाटाशीच उभं राहावं; जेवायला बसावं आणि अर्ध्यावर उठावं. बायको प्रमोदिनी म्हणाली, "तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. एकदा बुवांना भेटून तरी या."

बुवा आमच्या राजोडीच्या देवळात एकतीस वर्षं रामजन्माचं कीर्तन करीत होते. ऐन बाराच्या ठोक्याला त्यांनी पाळण्याची दोरी हाती घ्यावी आणि आम्ही डोळे पुसावेत, हे ठरलेलं. गेल्या वर्षी विहिरीच्या पायरीवरून पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं. उभं राहता येई, चालता येत नसे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की बैलगाडीचे हिसके आता नकोत. अर्नाळ्याहून राजोडीचा रस्ता तर नुसता खड्ड्यांचा. ती नवमी त्यांच्यावाचून गेली.

अर्नाळ्याला त्यांच्या घरी जाऊन मी म्हटलं, "बुवा, डोलीत बसवून नेतो. चार माणसं लावतो."

"चौघांच्या खांद्यावरून एकदाच जाईन रे हरी, आणि ते राजोडीला नव्हे," बुवा म्हणाले. "येत्या नवमीला तुझ्या रामापुढं उभा राहिलो तर राहिलो. नाहीतर चिपळ्या समुद्राला. न वाजणाऱ्या चिपळ्या घरात ठेवू नयेत."

परतताना मी किनाऱ्यानं चालत आलो. ओहोटी होती. अर्नाळ्यापासून राजोडीपर्यंत ओली वाळू सपाट पसरलेली. ना खड्डा, ना हिसका. तिथंच मला गाडी सुचली.

शेजारचा बेनेडिक्ट लढाईत लष्कराच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करीत होता. लष्करानं मोडीत काढलेल्या एका जीपचा सांगाडा त्यानं कल्याणहून आणला, इंजिन दुसऱ्याच एका जुन्या मोटारीचं बसवलं. माझ्या वाडीतल्या माडांखाली नऊ महिने हे काम चाललं. वाळूत रुतू नये म्हणून मागं दोन-दोन चाकं जोडली. बुवांना धक्का लागू नये म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानीतले निम्मे पाटे काढून टाकले. बसायला आंब्याच्या फळ्या, त्यावर प्रमोदिनीची गोधडी. पुढं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीला वाळू लागू नये म्हणून मी फळ्यांची जाळी करून खिळवली. गाव म्हणे, "हरिश्चंद्राचा गाडा." बेनेडिक्टची बायको रेजिना म्हणे, "पुरुषांना उपास सोसत नाही बघा, डोक्यात जातो."

वाडीत गाडी तासभर चालवली तरी शांत. पण रविवारी बेनेडिक्ट चर्चमधल्या मिस्सेहून आला की आम्ही किनाऱ्यावर जायचो, आणि अर्ध्या कोसात पाणी उकळून टाकीच्या टोपणातून वाफ फुसफुसू लागायची. चार रविवार असंच झालं. चारही वेळा बैल जुंपून गाडी घरी. बेनेडिक्टनं पंख्याचा पट्टा बदलला, पंप उघडून पुन्हा बसवला, टाकी धुण्याच्या सोड्यानं धुतली, ठिणगीची वेळही मागं-पुढं करून पाहिली.

"गोऱ्या साहेबाची मोटार मी वाळवंटात धावती ठेवली," तो म्हणे, "आणि ही बया राजोडीच्या वाऱ्यात तापते! हरीभाऊ, हिला समुद्र सोसत नाही."

"बघ बाबा, नवमीला आठ दिवस राहिले."

"आठ दिवस मलाही मोजता येतात!"

नवमीची भरती, तिथीच्या पाऊणपटीच्या कोळी हिशेबानं, सकाळी पावणेसातला. म्हणजे दहापर्यंत वाळू उघडी पडणार. आदल्या दिवशी आम्ही रस्त्यानं, खड्डे खात, गाडी अर्नाळ्याला नेऊन ठेवली. खड्डे एवढे, पण पाणी उकळलं नाही. बेनेडिक्टनं बोनेटवर थाप मारली. "आली बघ शुद्धीवर."

सकाळी बुवांना मी आणि त्यांच्या मुलानं उचलून पुढं बसवलं. भगवा फेटा, मांडीवर चिपळ्या, डोळ्यांत पोराची उत्सुकता. साडेदहाला निघालो. बुवांचा मुलगा मागं बसला. चाकांखाली ओली वाळू सरसरत होती. खरोखर एक हिसका नाही. बुवा म्हणाले, "अरे, ही तर होडी!" माझी नजर मात्र घड्याळावर आणि टोपणावर.

नवापूरच्या अलीकडं टोपण फुसफुसलं.

बेनेडिक्टनं इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला. अकराला वीस कमी. ना सावली, ना बैल. राजोडीला देवळात माणसं दाटली असणार, पाळणा सजला असणार. मी गाडीभोवती फेऱ्या घालू लागलो.

"हरी, बस खाली," बुवा म्हणाले. "तुझ्या फेऱ्यांनी रामाला जन्माआधीच प्रदक्षिणा पडतील."

आणि त्यांनी चिपळ्या उचलल्या. बसल्या जागी पूर्वरंगाचं नमन धरलं. आवाज पिकलेला, पण सुरात एक तसूही ढळ नाही. बाजूला मासे सुकवणाऱ्या बाया आल्या, टोपल्या उपड्या घालून बसल्या. त्यांत अर्नाळ्याहून कामाला आलेली मंदाही होती. नामाला वेळ-काळ नाही, स्थळ नाही, हा अभंग बुवांनी निरूपणाला घेतला. बाया माना डोलवत होत्या. मी मात्र ऐकत असूनही ऐकत नव्हतो. सव्वाअकरा.

मध्येच बुवा थांबले. नाक फुगवून म्हणाले, "हरी, उपासाच्या दिवशी पानात पानगी कोण भाजतंय?"

"पानगी?" बेनेडिक्टनं तपकीर ओढून ओढून नाकाचा कधीच निकाल लावलेला; त्याला काही कळेना. पण मला कळलं, आणि मी जाळीकडं पाहिलं.

"केळीची पानं," मी म्हटलं.

"कसली पानं?"

"जाळीच्या मागं. टाकीवर. किनाऱ्यावर येताना दोन-दोन ओली पानं घालतो मी. खाऱ्या वाऱ्यानं, वाळूनं त्रास होऊ नये, थंड राहावी म्हणून. आपण नाही का करंडीत विड्याच्या पानांवर केळीची ओली पानं घालत..."

बेनेडिक्ट माझ्याकडं बघतच राहिला. "दर रविवारी?"

"तू मिस्सेला गेलास की. आज बुवांना बसवण्याआधी. घरी गेल्यावर काढून टाकायचो, करपलेली असायची."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"देवाला दूर्वा वाहिल्या, हे कुणी सांगत बसतं का?"

"हरीभाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "आज माझा उपासकाळ चालू आहे म्हणून तुला शिव्या देत नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी घरी ये." मग त्यानं पानांवरची जाळी एका हिसक्यात उचकटली. काळपट, शिजलेली पानं वाळूत पडली. "तिला वारा हवा! वारा! तू तिचं तोंड बांधून ठेवलंस!"

बुवा इतके हसले की कमरेला हात लावावा लागला. मंदानं पिण्याच्या पाण्याचा हंडा पुढं केला. "घ्या, पानी घ्या. हसाल नंतर." बेनेडिक्टनं ओल्या फडक्यानं टोपण जपून उघडून हंडा हळूहळू ओतला. अकरा पस्तीस.

मग गाडी जी सुटली, ती देवळाच्या पायरीलाच थांबली. टोपणातून वाफेचा एक धागाही नाही. बुवांना खांबाला टेकवून उभं केलं. गर्दीतून कुणी ओरडलं, "बुवा, पूर्वरंग?"

"झाला," बुवा म्हणाले. "वाळूत झाला, चांगला झाला. आता फक्त जन्म."

बाराच्या ठोक्याला त्यांनी दोरी ओढली. शंख वाजला, फुलं उधळली. नंतर सुंठवडा हातावर घेत त्यांनी चार शब्द सांगितले. माणूस मायेनं झाकतो, पण काहींना माया वाऱ्यातूनच पोचते. नाव कुणाचं घेतलं नाही; पण पानांची गोष्ट तोवर कानोकानी झाली होती, सगळं गाव माझ्याकडं वळून हसलं, त्यात प्रमोदिनी पुढं. बेनेडिक्ट देवळाबाहेर टोपी हातात धरून उभा होता. तोही हसला.

परत निघताना बुवांना गाडीत बसवलं. चिपळ्या मी त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी उचलून त्या बेनेडिक्टच्या पाने-पकडींच्या पेटीत टाकल्या आणि झाकण लावलं.

"इथंच राहू देत," ते म्हणाले. "पुढच्या नवमीला वाटेतच लागतील."