एकच नांगी नेणारा चोर

विश्वास ठेवायला माझी ना नाही, पण आधी मी पेटी उलटी करून बघणार. चोकोलोस्की बेटाच्या धक्क्यावर खेकड्यांच्या नांग्या उकडायचं काम मी लग्न होऊन आल्यापासून करतेय. दुपारी होड्या लागल्या की सगळ्यांच्या पेट्या माझ्या हंड्यापाशी येतात, आणि कोणाचा माल कसा आहे, कोण खोटं बोलतंय, कोणाचं बायकोशी वाजलंय, हे मला तोंड न उघडता कळतं. हॉलिस, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मला संशयाचा आजारच आहे. असेल. पण त्या वर्षी त्याच्याच पेट्या निम्म्या यायला लागल्या, तेव्हा त्याला झोप लागत होती आणि मला लागत नव्हती.

दगडी खेकड्याचा आमचा धंदा जगावेगळा. खेकडा धरायचा, नांगी मोडायची आणि खेकडा परत पाण्यात सोडायचा. नीट सांध्यात मोडली तर तो जगतो, दीड-दोन वर्षांनी त्याला नवी नांगी येते. कायद्याने मापात बसणाऱ्या दोन्ही नांग्या नेता येतात आणि सगळे नेतातही. फक्त आमच्या घरात एकच मोडतात. माझे सासरे, कॅप्टन लीमन, यांचा तो नियम. खेकड्याने खायचं कशाने, आणि भांडायचं कशाने, असं ते म्हणायचे. मी नवी नवरी असताना हे ऐकून हसले होते, आणि हॉलिसने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा हसले नाही.

तर ऑक्टोबरात मोसम सुरू झाला. पहिले काही दिवस झकास गेले. मग हॉलिस यायचा तो गप्प. मी विचारलं तर म्हणाला, पिंजरे कोणीतरी आधीच काढतंय. आत खेकडे आहेत, पण नांगी ताजी मोडलेली. माझा जीव असा चडफडला म्हणून सांगू! दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणं म्हणजे आमच्याकडे खुनाच्या खालोखाल. सापडला की लायसन कायमचं जातं, तुरुंग होतो, आणि त्याच्या पोरांनाही इथे धक्क्यावर कोणी दोर धरायला बोलवत नाही. मी म्हटलं, वॉर्डनला सांग, म्हणजे मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी माणसाला. हॉलिस म्हणाला, बघू.

बघू म्हणे. ज्याचे पिंजरे लुटले जातात तो माणूस बघू म्हणतो का? मला तिथेच खटकलं.

माझ्या डोळ्यापुढे एकच नाव होतं, ग्रेडी. त्याची पिंजऱ्यांची रांग हॉलिसच्या रांगेला लागून, पॅव्हिलियन बेटाच्या बाहेर. माणूस गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याचं मला कधी पटलेलं नाही. आमच्या पेट्या हलक्या व्हायला लागल्या तशा त्याच्या जड व्हायला लागल्या. शिवाय माझ्या फ्रीजरमधून डुकराचे पाय जात होते. पिंजऱ्यात चारा म्हणून तेच घालतात. मी हॉलिसला विचारलं तर तो म्हणाला, मीच नेले. मग त्याला विचारलं किती, तर आकडा चुकला. आता बायकोशी कशाला खोटं बोलायचं, आणि तेही डुकराच्या पायांवरून?

घरी तरी कोणाशी बोलणार? कॅप्टन मागच्या अंगणात चाकांवरच्या फिरत्या घरात राहायचे. त्यांच्याकडून होडी काढून घेतली त्याला दोन मोसम झाले होते, लहान होडकं तेवढं ठेवलं होतं, किनाऱ्यालगत जाळं टाकायला. वयाने विसरायला झालं होतं त्यांना. मला कधी माझ्या नावाने, मेव्हिस म्हणून हाक मारायचे, कधी नुसतं बाई. एकदा जेवताना मी पिंजऱ्यांचा विषय काढला, तर त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "माझेही लुटतायत." हॉलिस उठून सिंकपाशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. मी मनात म्हटलं, म्हातारा जुन्या काळातलं बोलतोय, आणि त्यांना आणखी बटाटे वाढले.

मग एका दुपारी ग्रेडीची पेटी हंड्यात ओतण्याआधी मी एक नांगी उलटी करून बघितली. नांगीच्या आतल्या बाजूला बारीक रेषा असतात, आपल्या अंगठ्यावर असतात तशा. पहिल्या मूळच्या नांगीवर त्या सलग असतात. मोडून परत उगवलेली असेल तर तुटक, ठिपक्या-ठिपक्यांच्या. मी दुसरी बघितली, तिसरी बघितली. वर मूळच्या, पण तळाचा सगळा थर तुटक रेषांचा. दोन्ही नांग्या मोडणाऱ्याच्या पाण्यात इतक्या पुन्हा उगवलेल्या नांग्या सापडत नाहीत, कारण दोन्ही गेलेले खेकडे निम्मे मरतात. इतकी पुन्हा उगवलेली नांगी एकाच रांगेतून येते. आमच्या.

मी पेटी हंड्यात ओतली. हंड्याला झाकण घातलं. तेवढ्यात जवळच्या नेपल्स शहरातून आलेली एक बाई नांगी कशी खायची ते विचारत होती. तिला सांगितलं, उकडल्यावर गार कर, चमच्याच्या पाठीने सांध्याजवळ ठोक, भुगा करू नकोस, मोहरीच्या सॉसात बुडव आणि सावकाश खा. आणि कच्ची नांगी बर्फात ठेवणाऱ्याकडून कधी घेऊ नकोस, मांस कवचाला चिकटून बसतं. ती म्हणाली, तुम्ही घरी पण अशाच खाता का? मी म्हटलं, आम्ही हंड्यातून काढून बोटं भाजत उभ्या उभ्या खातो, सॉस तुमच्यासाठी. ती हसली. मला हसू येत नव्हतं, कारण ग्रेडी समोर दोर गुंडाळत माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, चोराला कळलंय की मला कळलंय.

दुसऱ्या दिवशी वॉर्डन आला, नेहमीसारखा नांग्यांची मापं तपासायला. तरुण आहे, पण सरळ आहे. मी त्याला हंड्याच्या मागे नेलं आणि सांगितलं की आमच्या पिंजऱ्यांवर तरंगणाऱ्या पांढऱ्या-नारिंगी बोयांच्या रांगेवर सकाळी नजर ठेव, हॉलिस पोचायच्या आधी. नाव घेतलं नाही. त्याने विचारलं, हॉलिसला माहीत आहे? मी म्हटलं, हॉलिसला काय माहीत आहे तेच तर मला कळत नाहीये.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ग्रेडी लवकर परत आला, आणि मला राहवलं नाही. त्याच्या पेटीतल्या सहा-सात नांग्या मी त्याच्याच पुढ्यात फळीवर मांडल्या, तुटक रेषा वर करून. धक्क्यावर आणखी कोणी नव्हतं, नाहीतर मी याहून मोठ्याने बोलले असते. म्हटलं, हे काय आहे ते तू सांगतोस की मी सांगू?

ग्रेडीने नांग्यांकडे बघितलं. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "यातल्या वरच्या माझ्या आहेत. खालच्या तुझ्या घरच्या. कोणी आणून दिल्या ते हॉलिसला विचार, मेव्हिस. माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

हॉलिसची होडी नेमकी तेव्हा लागत होती. त्याने फळी बघितली, आम्हा दोघांना बघितलं, आणि इंजिन बंद करायचंही विसरला. मी विचारलं तसं त्याने सांगायला सुरुवात केली, अगदी हळू आवाजात. चोर पिंजरा लुटून पुन्हा नवा चारा घालून जात होता. झाकणाची दोरी दुहेरी गाठीने बांधत होता. आणि प्रत्येक खेकड्याची एकच नांगी नेत होता, दुसरी शाबूत. "पहिल्याच दिवशी ओळखलं," हॉलिस म्हणाला. "असं मोडणारे जगात दोनच. एक मी."

 कॅप्टन पहाटे होडक्याने जाळं टाकायला जातात, असं मी सगळ्यांना सांगत होते. ते जाळ्याला हातही लावत नव्हते. बेटांच्या मधून शिरून बाहेर जात होते, आणि पांढरा-नारिंगी बोया दिसला की पिंजरा ओढत होते, माझ्या फ्रीजरमधल्या डुकराच्या पायांचा चारा घालत होते. चाळीस वर्षं ते रंग त्यांचेच होते. हॉलिसने रंग, नंबर, रांग सगळं जसंच्या तसं घेतलं होतं. येताना ते नांग्यांची बादली ग्रेडीच्या घरच्या धक्क्यावर ठेवायचे, कारण पूर्वी ग्रेडीच्या बापाबरोबर ते नांग्या तिथेच उकडायचे. ग्रेडी मुकाट्याने घ्यायचा, आपल्या पेटीच्या तळाशी टाकायचा आणि हिशेबात हॉलिसचं हॉलिसला पोचवायचा. गावात बोभाटा होऊ नये म्हणून. आणि माझ्यापासून लपवलं, कारण मी ऐकल्याबरोबर होडकं जाळून टाकलं असतं. टाकलंच असतं.

"पण मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"काय सांगणार होतो? ते सकाळी उठतात ते त्या पिंजऱ्यांसाठी," हॉलिस म्हणाला.

तेव्हा मी त्याला वॉर्डनचं सांगितलं.  तो वळला आणि होडीत उडी टाकायला निघाला, तोच ग्रेडीने हात वर करून खाडीच्या तोंडाकडे दाखवलं. वॉर्डनची होडी येत होती, आणि तिच्या मागे दोराला बांधलेलं आमचं होडकं.

कॅप्टन होडक्यात ताठ बसले होते. कोपरापर्यंत ओले, पायांशी बादली, डोक्यावर ती जुनी गवती टोपी. वॉर्डनचा चेहरा मात्र बघवत नव्हता. त्याने होड्या बांधल्या, कॅप्टनना हात देऊन वर घेतलं, आणि हॉलिसला म्हणाला की तुझ्या नंबरचे अकरा पिंजरे यांनी काढलेले मी स्वतः बघितलेत. यांना तू परवानगी दिली होतीस का, ते मला विचारावंच लागेल.

हॉलिस तोंड उघडणार, तर कॅप्टनच बोलले.

"परवानगी? माझ्या पिंजऱ्याला मला परवानगी? तो बोया बघ, कोणाचा रंग आहे तो." त्यांनी बोट उचललं. आधी हॉलिसच्या होडीकडे, मग हॉलिसकडे. "महिनाभर मी सांगतोय, कोणीतरी माझे पिंजरे काढतंय. मी जातो तर काही आधीच उघडलेले. लांबून होडी बघितलीय मी. हीच होडी. हाच पोरगा."

वॉर्डनने माझ्याकडे बघितलं.  ग्रेडीने तोंड फिरवलं. मला कॅप्टनना धरून हलवावंसं वाटलं, अहो, हॉलिस आहे हा, तुमचा हॉलिस. पण हॉलिसने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पुढे झाला.

"होय, कॅप्टन," तो म्हणाला. "मीच काढत होतो."

कॅप्टननी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. वॉर्डनच्या हातात वही होती, ती त्याने मिटून खिशात घातली. कॅप्टनना ते दिसलं नाही. त्यांना वाटलं, आता हा लिहिणार.

"थांब, थांब," ते वॉर्डनला म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "लायसन नको काढून घेऊस याचं. लायसन गेलं की माणूस संपतो. घरी बायको असेल, पोरं असतील. त्यांनी खायचं काय? कबूल केलंय ना त्याने? सोड एकदा."

"सोडतो, कॅप्टन," वॉर्डन म्हणाला.

मग ते हॉलिसच्या जवळ गेले. त्याचे हात त्यांनी हातात घेतले, उलटे केले, तळव्यावरचे दोरीचे घट्टे बघितले.

"कष्टाचे हात आहेत की," ते म्हणाले. "मग चोरी कशाला? बाप नाही का तुला? त्याला सांग. कुठलाही बाप पोराला पिंजरे बांधून देतो."

हॉलिसने मान हलवली. सांगतो म्हणाला, आणि त्यांची बादली उचलून माझ्या हंड्यापाशी आणून ठेवली.