फायनल, नवीन फायनल, खरंच फायनल

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. घाटंजीला बसस्टँडमागे नयनभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात असतो, आणि मित्रांनो, माझं डोकं पार उठलं आहे!

नवा आलो तेव्हा मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. वाढदिवस, लग्न, जयंती, श्रद्धांजली, गावातले सगळे फ्लेक्स माझ्याच पोटातून निघाले. पण फायलींची नावं काय, तर ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरंच फायनल’! अहो, लेकरांची नावं अशी ठेवाल का?

कामाची रीतही ऐका. बियाण्याच्या दुकानदारासाठी एक फ्लेक्स केला होता. तांड्यावरचा भीमसिंग, दोन्ही हातांत फुटलेली बोंडं, खाली ‘विक्रमी उत्पादन’. पुढच्या हंगामात दुसरा शेतकरी आला. नयनभाऊंनी तीच फाईल उघडली, भीमसिंगचं मुंडकं उडवलं, नवं चिकटवलं आणि त्यावरच सेव्ह! मूळ फोटोही पुसला, म्हणे जागा भरली. मग बोंडअळी आली, कापूस गेला, तसले फ्लेक्स बंद झाले. भीमसिंगचा छापलेला फ्लेक्सही कुणाच्या तरी गोठ्यावर फाटून गेला.

एक दिवस भीमसिंगची बायको रुपीबाई आली.

“भाऊ, ते तापानं गेले. घरात त्याहीचा एक फोटो नाई. तुमच्या कम्प्युटरात हाये ना?”

“हाये ना मावशी, आत्ता काढून देतो.”

कुठून काढणार, कपाळ! दुपारभर मला उलटंपालटं केलं. शेवटी ती फाईल सापडली. धड भीमसिंगचं, वर भलताच माणूस हसतोय. नयनभाऊंनी मान खाली घातली. मला इतका संताप आला की माझा पंखा घरघरू लागला.

रुपीबाई पडद्याजवळ आली. तिनं एका करंगळीवर बोट ठेवलं.

“हे वाकडी करंगळी त्याहीचीच. बैलगाडीच्या चाकात सापडली होती. मुंडकं दुसऱ्याचं हाये, पण हात त्याहीचे हायेत. मले हातच काढून द्या.”

नयनभाऊंनी हात तेवढे वेगळे करून छापले. तिनं ते पदराखाली धरून नेले.

मित्रांनो, हात जोडून सांगतो, जुन्या फायलीवर नवी चढवू नका. आधी तिची प्रत ठेवा, तिला माणसाचं नाव द्या. माझ्या भरवशावर राहू नका. भीमसिंग कसा दिसायचा, ते आता मलाही आठवत नाही.