मोहरीएवढा मणी

माझ्या उजव्या पारड्याच्या तळाशी मेणाचा एक थेंब होता. सहा मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर जाड, वजनाला चाळीस मिलिग्रॅम. त्याच्या एका कडेला अंगठ्याचा अर्धा ठसा होता. बावीस वर्षं मी तो जपला. परवा सकाळी तो गेला.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजी किंवा धान्य तोलणारा नव्हे, औषधाची पूड तोलणारा. माझी दांडी पितळेची आहे आणि पारडी बशीएवढी. ज्या कारागिरानं मला घडवलं त्याच्या हातून उजवं पारडं जरासं हलकं झालं होतं. त्यानं ते टाकून दिलं नाही. तळाला मोहरीएवढा एक पितळी मणी डकवला, आणि दोन्ही पारडी एका रेषेत आली. तो मणी माझा मोठा अभिमान होता.

मी आलो तो ख्रिस्ती जोगिणींच्या एका मठाच्या दवाखान्यात. वीस खाटा, एक औषधांची खोली आणि मागच्या अंगणात धुण्याचे दगड. औषधांच्या खोलीचा कारभार औषधवाल्या सिस्टरांकडे होता. त्या शहरात राहून परीक्षा पास झालेल्या, हाताच्या नेटक्या आणि बोलायला मोजक्या. त्यांच्या हाताखाली एक सिस्टर होती. तिला सगळे चिमणी म्हणत. अंगानं बारीक आणि शाळा चौथीपर्यंत. स्वतःच्या वाट्याची अर्धी भाकरी ती रोज मागच्या दाराशी येणाऱ्यांना देऊन टाकी.

स्वयंपाकीणबाई तिला म्हणत, “अगं, चिमणीनं दाणे टिपायचे असतात, वाटायचे नसतात!”

“मला पुरतं, बाई. पोट तरी केवढं माझं!” ती हसून म्हणे.

पुड्या तोलायचं काम तिचं. तिच्याइतक्या हलक्या हातानं मला कुणीच कधी उचललं नाही. पण आमच्यात एक तिसरी होती. तिच्या कमरेची जपमाळ. लाकडाचे साधे मणी, एक हरवलेला म्हणून त्या जागी चक्क शर्टाचं बटण. पारड्यात पूड पडली की माझे हेलकावे थांबायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात चिमणीचा हात माळेकडे जाई आणि ती ‘नमो मारिया’ ही छोटी प्रार्थना एकदा म्हणे. ती संपायची आणि माझा काटा स्थिर व्हायचा. दोन्हींना नेमका सारखाच वेळ लागे.

मी जळत असे, मित्रांनो. काम माझं, घाम माझा, आणि बोटं मात्र तिच्या मण्यांवर! माझ्याकडेही मणी होता. पितळेचा होता. त्याला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता.

जळणाऱ्याला जळणारा लगेच ओळखू येतो. औषधवाल्या सिस्टरसुद्धा जळत होत्या. एकदा सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्यांच्या हातची पुडी घेतलीच नाही.

“चिमणीला पाठवा. तिच्या हातची पुडी लागू पडते,” तो म्हणाला.

“पुडी तीच आहे, आजोबा. मीच लिहून दिलेली.”

“असेल हो. पण तिला पाठवा.”

सिस्टर खोलीत परत आल्या. मी त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. मणी तुटून उडाला आणि कपाटाखाली गेला. त्यांनी वाकून तो शोधला, तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि सुयांच्या डबीत टाकला. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

आता हिशेब समजून घ्या. उजवं पारडं चाळीस मिलिग्रॅम हलकं झालं होतं. औषध उजवीकडे पडे. म्हणजे दांडी सरळ व्हायला प्रत्येक पुडीत चाळीस मिलिग्रॅम औषध जास्त जाई. जिथे डोसच शंभरचा, तिथे हे फार झालं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला चक्कर येऊ लागली.

चौथी शिकलेल्या चिमणीनं काय केलं पाहा. दोन सारखी वजनं काढली आणि एकेक दोन्हीकडे ठेवलं. डावं पारडं खाली गेलं. वजनांची अदलाबदल केली. तरी डावंच खाली. मग तिनं मला उलटं केलं, तुटलेली जागा पाहिली, आणि प्रार्थनाघरातून मेणबत्तीचं थोटूक आणलं. थेंब पाडायचा, तोलायचा, नखानं जरासा खरवडायचा, पुन्हा तोलायचा. पाऊण तासानं माझी दांडी सरळ झाली. शेवटी तिनं अंगठ्यानं थेंब दाबला. त्या दिवशी तिनं जपमाळेला स्पर्शही केला नाही. पाऊण तास ती फक्त माझी होती!

औषधवाल्या सिस्टर आल्या तेव्हा ती म्हणाली, “सिस्टर, तराजू जरा कलला होता. मी सरळ केलाय. आधीच्या पुड्या मात्र पुन्हा तोलायला हव्यात. मी तोलते. तुम्ही काळजी करू नका.”

सिस्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या.

महिन्याभरानं मठाच्या प्रमुख मदर पाहणीला आल्या. त्यांनी मला उचललं आणि बोटाला मेण लागलं. पारड्याखाली मेण म्हटल्यावर कुणाच्या मनात काय येतं? मापात पाप.

“औषधाच्या पारड्याला मेण लावलं की पुडीत औषध कमी जातं. उरलेलं कुठे जातं गं, चिमणी? मागच्या दाराला?” मदर म्हणाल्या.

चिमणीनं एकदा दाराकडे पाहिलं. औषधवाल्या सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांचा हात खिशातल्या सुयांच्या डबीवर होता. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

“मेण मीच लावलंय, मदर,” शेवटी चिमणी म्हणाली. ते खरंच होतं.

तिला धुण्यावर पाठवलं. जाण्यापूर्वी ती मला पुसायला आली. तेवढ्या एकदाच ती माझ्याशी बोलली. “त्यांची जागा परीक्षा देऊन मिळालेली आहे रे. गेली तर त्या मोडून जातील. मला काय, कपडेही धुता येतात. देवाला सगळं ठाऊक आहे, तेवढं पुरे.”

नवा तराजू आला. मला कपाटावर चढवलं. तिथल्या खिडकीतून अंगण दिसे. एकोणीस वर्षं मी तिला चादरी धुताना पाहिलं. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडत. कुणी तिला हळूच चोर म्हणे, तर ती त्याचीही चादर तितकीच पांढरी धुई. स्वयंपाकीणबाई चिडत. ती म्हणे, “देवाला डाग चालतात, बाई. खाटेवरच्या माणसाला नाही चालत.”

वर्षातून एकदा औषधवाल्या सिस्टर कपाट झाडत. मला उलटं करत, थेंबावर अंगठा ठेवत आणि पुन्हा जागेवर ठेवत. नखाच्या एका फटक्यात पुरावा संपला असता. त्यांनी तो संपवला नाही. बोलल्याही नाहीत.

मग एका हिवाळ्यात चिमणी गेली. आणि तिच्या थडग्याशी माणसं येऊ लागली. मागच्या दाराची माणसं, सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नातवंडं. तिची जपमाळ काचेच्या पेटीत ठेवली गेली. खाली मखमल, वर दिवा. लोक काचेला कपाळ टेकवत. माझ्यावर मात्र धूळ. मी किती जळलो ते कसं सांगू? बटण लावलेली माळ ती! आणि तिच्या अंगठ्याचा ठसा माझ्याकडे, कपाटावर, अंधारात.

तिसऱ्या वर्षी चौकशीचे फादर आले. चिमणीला संत म्हणावं का, हे ठरवायला त्यांना पाठवलं होतं. जाड वही, बारीक अक्षर.

“सगळं चांगलंच ऐकतो आहे. पण एक गोष्ट आडवी येते. पारड्याखालचं मेण. रुग्णांच्या औषधात चोरी करणारी बाई संत कशी?”

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार वाईट आला. चिमणी चोर ठरली, तर माळ काचेतून बाहेर येईल! आणि खरं बाहेर आलं, तर ते दाखवायला माझा थेंब खरवडावा लागेल.

फादर औषधवाल्या सिस्टरांना दोनदा भेटले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “फार वर्षं झाली. आठवत नाही.”

स्वयंपाकीणबाई दुसऱ्या वेळी फादरांसाठी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यानं राहवलं नाही. “आठवत नाही म्हणे! दहा वर्षांपूर्वी मी कुठल्या दिवशी चहात साखर विसरले, ते बरं आठवतं!”

त्या संध्याकाळी मी खिडकीतून ओल्या दगडांकडे पाहत होतो, आणि मला उशिरानं एक गोष्ट समजली. ती ‘नमो मारिया’ माळेची नव्हतीच. ज्याची पुडी पारड्यात असे, त्याच्यासाठी होती. माळ ती प्रार्थना मोजत होती आणि मी तिला वेळ देत होतो. आम्ही दोघं एकाच कामावर होतो. आणि मी इतकी वर्षं माळेचा हेवा करत बसलो.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी, कलंकित वस्तू टाकून देण्याआधी ती एकदा उलटी करून पाहा. माणसाच्या बाबतीतही एवढी तसदी घ्या. डाग दिसला की तो कशासाठी पडला, ते विचारा. आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. ज्यांना बोलता येतं, त्यांचंही कधी कधी आमच्यासारखंच होतं.

परवा सकाळी फादर निरोप घ्यायला आले. वही बंद झाली होती. औषधवाल्या सिस्टर स्टुलावर चढल्या. वय शहात्तर. त्यांनी मला खाली उतरवून टेबलावर ठेवलं, हलक्या हातानं. मग नखानं मेणाचा थेंब काढला. मला दुखलं, पण मी सोडला. डावं पारडं खाली गेलं.

त्यांनी सुयांची डबी उघडली. काळवंडलेला मणी चिमटीत धरला आणि उजव्या पारड्यात ठेवला. माझे हेलकावे सुरू झाले. त्यांचे ओठ हलले. ‘नमो मारिया’ संपली, आणि माझी दांडी सरळ झाली. स्वयंपाकीणबाई दारातच थबकल्या. हातातला चहा निवत होता.

“वही उघडा, फादर,” औषधवाल्या सिस्टर म्हणाल्या. “चोरी झालीच नव्हती. तराजू मी आपटला होता, तिच्यावर जळून. तिनं फक्त तो सरळ केला, आणि माझी चूक स्वतःवर घेतली. मी ती घेऊ दिली. हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. खाली माझं नाव घाला.”