चोविसावा प्रश्न

वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा आत आई बोलत होती.

"प्रार्थना म्हणजे काय?" तिने विचारलं आणि ती थांबली. मुलं एका सुरात काहीतरी म्हणाली. "हं. पुढचा," आई म्हणाली.

तिचं दफन होऊन सोळा दिवस झाले होते. मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. आवाज कुठून येतोय ते मला माहीत होतं. जानेवारीपासून तिला चर्चच्या मागच्या खोलीच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा तिने चोवीस प्रश्न फोनवर रेकॉर्ड करून मुलांच्या ग्रुपवर टाकले होते. आधी प्रश्न, मग उत्तरापुरती मोकळी जागा, मग "हं. पुढचा." पण माहीत असणं वेगळं. दाराबाहेरून ते ऐकताना आत गेलं की ती दिसेल, असंच वाटत होतं.

आत पाच मुलं होती, तेरा ते पंधरा वर्षांची. फोन सौरभच्या हातात होता. मला पाहून त्याने तो झटकन उलटा ठेवला.

"सॉरी ताई. बंद करतो."

"राहू दे. पूर्ण होऊ दे."

"नऊ नंबरमध्ये बाई म्हणतात, सौरभ, आधी टीव्ही बंद कर," तो म्हणाला. "आणि ताई, खरंच चालू होता."

मुलं हसली. मग माझ्याकडे बघून त्यांनी वह्या उघडल्या.

आमच्यात मूल तान्हं असताना त्याचा बाप्तिस्मा होतो आणि त्याच्या वतीने मोठी माणसं देवाला वचन देतात. चौदा-पंधराव्या वर्षी मूल तेच वचन स्वतःच्या तोंडाने देतं, बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. हे दृढीकरण. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर मिळते. खडकीच्या आमच्या मंडळीत एकतीस वर्षं या दिवसासाठी मुलांची तयारी आईने करून घेतली. ती गेल्यावर पाळकसाहेबांचा फोन आला. ते दोनच वर्षांपूर्वी नगरहून बदलून आलेले.

"पेन्टेकॉस्टच्या सणाच्या रविवारी बिशपसाहेब येणार. सहा शनिवार उरलेत. नम्रताताई, तुम्ही बाईंच्या कन्या. तुम्हाला हे तोंडपाठ असणार."

"तोंडपाठ आहे," मी म्हणाले.

ते खरंच होतं. माझं स्वतःचं दृढीकरण झालेलं नाही, एवढं मात्र मी सांगितलं नाही.

आईचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी ती तो सांगायची. "उत्तर खरं वाटत नसेल तर गप्प बसा. पोपट बघायचा असेल तर मी मंडईत ज्योतिषाकडे जाईन, मला तो इथे नको." मी चौदा वर्षांची होते आणि माझा आईवर विश्वास होता. शेवटच्या तालमीत चोविसावा प्रश्न माझ्यापाशी आला. मोठी शंका वगैरे काही नव्हती. 'होय' हा शब्द आत शोधला आणि तो सापडला नाही, म्हणून मी गप्प बसले. आई थांबली. सगळ्यांना अवघडल्यासारखं होईपर्यंत थांबली. मग तिने माझ्या शेजारच्या मुलाकडे मान वळवली आणि म्हणाली, "पुढचा."

रात्रीचं जेवण वाढताना "यंदा राहू दे" एवढंच बोलली. नंतर सत्तावीस वर्षं तिने विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी शिकले, नोकरीला लागले, धायरीला राहायला गेले. रविवारी येत राहिले. प्रभुभोजनाच्या वेळी मी बाकावर बसून राहायची. भाकर घेऊन परत येताना तिला माझ्या गुडघ्यांसमोरून आत सरकावं लागायचं. मी पाय आखडून घ्यायची, तीही पदर आवरायची. एकमेकींकडे न बघता.

तिसऱ्या शनिवारी ऋतिका म्हणाली, "ताई, चोवीस नंबरचा ऑडिओ बिघडलाय." ही सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी. वहीत समास सोडून लिहायची.

"बिघडलेला नाहीये," सौरभ म्हणाला. "बाई बंद करायला विसरल्या. एक मिनिट छत्तीस सेकंद आहे. नुसता पंखा ऐकू येतो."

"लाव," मी म्हणाले.

आधी नळाचं पाणी ऐकू आलं, लांबून. मग अगदी जवळ आईचा आवाज, जरा दमलेला. "तुम्ही तान्हे असताना तुमच्या वतीने इतरांनी जे वचन दिलं, ते आज तुम्ही स्वतःच्या तोंडाने देता काय?" नळ किंचाळून बंद झाला. मग पंखा. खडकी स्टेशनावरून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न. पुन्हा पंखा. 'हं' नाही, 'पुढचा' नाही. मग ते मध्येच तुटलं.

"बघा," सौरभ म्हणाला.

तो नळ मी ओळखला. तो मीच बंद केला होता.

आई असतानाचा तो शेवटचा रविवार. मी स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होते, ती बाहेरच्या खोलीत टेबलापाशी फोन समोर ठेवून बसली होती. तिचे प्रश्न मला आतून ऐकू येत होते. शेवटचा प्रश्न सुरू झाला तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये पाण्याचा आवाज नको, म्हणून मी नळ बंद केला. बांगड्या वाजतील म्हणून हातही पुसले नाहीत. ओले हात पुढे धरून 'पुढचा' ऐकू येण्याची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "झाले का कप?"

"झाले," मी म्हणाले.

गुरुवारी ती गेली.

त्या संध्याकाळी धायरीच्या घरी मी बाकीचे तेवीस ऑडिओ ऐकले. हातात घड्याळ धरून ऐकले. ती कुठेही सात सेकंदांपेक्षा जास्त थांबली नव्हती. चोविसाव्याच्या वेळी ती बंद करायला विसरली असेल. थकली असेल. मी स्वतःला हे सांगून पाहिलं. पण ती विसरणारी बाई नव्हती, सौरभ काहीही म्हणो.

मग मला भलतंच दिसू लागलं. टेबलापाशी ती, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. नळ बंद झालेला तिने ऐकलाय, म्हणजे मी ऐकतेय हे तिला कळलंय. आणि आतून काहीच येत नाही.

शेवटच्या शनिवारी तालीम होती. मी एकेकाला चोविसावा प्रश्न विचारला. चौघांनी 'होय, देतो', 'होय, देते' म्हटलं. सौरभचा आवाज फुटला, कोणी हसलं नाही. ऋतिका पाचवी.

ती गप्प बसली.

डोक्यावर पंखा फिरत होता. 'पुढचा' हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता, इतका जवळ की मी दात मिटून घेतले. मुलं चुळबुळली. सौरभ बुटांकडे बघू लागला.

"ताई, पुढचा विचारा ना," शेवटी ऋतिका म्हणाली.

"हा शेवटचाच आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी थांबलेय."

"मम्मीने व्हाइट ड्रेस शिवून घेतलाय. जालन्याहून मावशी येणारेत. केकची ऑर्डर पण दिलीये."

"केक कोणीही खाईल. ते उत्तर नाही झालं."

तिने वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला. मग एकदम वर बघून विचारलं, "तुम्ही काय म्हणाला होतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. आई त्या खोलीत नसती तर बहुधा बोललेही असते.

"काहीच नाही. माझं दृढीकरण झालेलं नाही."

कोणीतरी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे बाईंनी तुम्हाला नापास केलं?" सौरभने विचारलं.

"नापास नाही. त्या पुढच्या मुलाकडे गेल्या."

"तुम्हाला वाईट वाटलं?" ऋतिकाने विचारलं.

"अजून वाटतं."

तिने बराच वेळ विचार केला. मी घड्याळाकडे बघितलं नाही. "मला हो म्हणायचंय," ती म्हणाली. "पण आत्ता म्हटलं तर ते ड्रेससाठी होईल."

"बरं," मी म्हणाले.

वर्ग सुटल्यावर मी पाळकसाहेबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, तिची आणि माझी. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऋतिकाचं पुढच्या वर्षी बघू. तुमचं सांगा. बिशपसाहेबांच्या यादीत एक नाव वाढवता येईल. वयाची अट नाही."

"उद्या सकाळपर्यंत कळवते," मी म्हणाले.

घरी पोचेपर्यंत ऋतिकाच्या आईचा फोन आला. "बाई असत्या तर हे झालं नसतं."

"बाई असताना एकदा झालंय," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

मी नाव दिलं नाही. बिशपांसमोर गुडघे टेकून होय म्हणणं आता मला जमलंही असतं. पण मला ते बिशपांनी विचारलं नव्हतं.

पेन्टेकॉस्टच्या उपासनेला ऋतिका निळा पंजाबी ड्रेस घालून आली आणि तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसली. तिची आई आणि मावशी दोन बाकं सोडून, ताठ. समोर चौघं गुडघ्यांवर. बिशपांचा हात एकेका डोक्यावर टेकत गेला. मग चौघांनी आयुष्यातलं पहिलं प्रभुभोजन घेतलं. परत येताना सौरभ आमच्या बाकात शिरला, तसे आम्ही दोघींनी पाय आखडून घेतले. तो पुढे सरकला नाही. माझ्या पलीकडे, आईच्या जागेवर बसावं की नाही ते त्याला कळेना. मी बाकावर हाताने थोपटलं, तेव्हा बसला.

दुपारी आईच्या घरी गेले. मे महिन्याचं ऊन, खिडक्या दीड-दोन महिने बंद. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर फोन ठेवला, चोवीस नंबर लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

तिचा प्रश्न आतून तसाच ऐकू आला, जरा दमलेला. टेबलावरच्या फोनमध्ये नळ किंचाळून बंद झाला. पाठोपाठ मी माझा बंद केला. तोही तसाच किंचाळला.

"मला ऐकू आलं होतं, आई," मी म्हणाले. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जाईल एवढा मोठा काढला. "मी तुझ्यासाठीच नळ बंद केला होता."

गाडीचा हॉर्न वाजला.

"होय म्हणता येईल की नाही, ते अजून बघतेय. तू पुढं गेली नाहीस, ते कळलं."

ओले हात मी या वेळी साडीला पुसले, बांगड्या वाजल्या. बाहेरच्या खोलीत पंखा आणखी बराच वेळ फिरत राहिला. मी तो लावला नव्हता; तो त्या रविवारचा होता.