मुशीवालीचे गुडघे

नावडे मार्केटात माझ्या सासूबाई, शेवंताबाई, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी पाटावर बसतात आणि शेवटचं गेल्यावरच उठतात. मधे उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा पीत नाहीत. कारण उठल्या की लंगडणार, आणि तीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांपुढे एकच टुमणं लावलंय: "मुशी खा, गुरघं पलतील!"

मी शेजारी बसून मासे कापते आणि आतल्या आत चडफडते. मुशी म्हणजे लहानसा शार्क, तिच्या कण्यातून कोयता काकडीतून जावा तसा जातो. तिच्या अंगात हाडच नसतं, नुसती कूर्चा. खांदेश्वरच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवत सांगितलं होतं, "हीच कूर्चा तुमच्या गुडघ्यात होती, ती झिजली. आणि खाल्लेली पोटात पचते, गुडघ्यात जात नाही. ऑपरेशन करा." सासूबाईंनी एक्स-रे गादीखाली सारला. मुशीवालीच लंगडी निघाली तर मुशी कोण घेणार?

काल वैजयंतीताई काठी टेकत आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या नेहमीच्या. किलोभर मुशी पिशवीत घेतली आणि हसत म्हणाल्या, "मावशी, शुक्रवारचं गुडघ्याचं ऑपरेशन मी कॅन्सल केलं. तुमची मुशी आहे ना, मग टेन्शन कशाला?" डॉक्टर तेच, खांदेश्वरचे.

सासूबाई तराजू पुसू लागल्या. पुसलेलाच पुन्हा पुसला. बर्फ इकडचा तिकडे केला. मला वाटलं, या गप्प बसणार. असा राग आला त्यांचा!

"ताई, थांबा," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. "उठव मना."

भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. उठता उठता कण्हल्या. वेडीवाकडी चार पावलं टाकून वैजयंतीताईंपुढे उभ्या राहिल्या.

"तीस वरसां रोज खातंय मी. बगा. तारीख परत घ्या."

वैजयंतीताईंचा चेहरा उतरला. "मग इतके दिवस मला...?" एवढंच बोलल्या, पिशवी टोपलीत रिकामी केली आणि निघून गेल्या. मागच्या दोन बायकाही शेजारच्या पापलेटांकडे वळल्या.

मुशी तशीच राहिली. दुपारी घरी तिचं कालवण केलं. सासूबाई जेवायला बसल्या.

"चवीला बरी हाय," त्या म्हणाल्या. मग मान वर न करताच, "त्या डाक्टरला इचार, ताई न मी, आमा दोगींना आपरेशनला एकाच दिशी घेल का."